चौथे कलम खोडल्याशिवाय बोट घेऊ नका

हर्णैजवळच्या एका तरुण वाचकाचे पत्र आहे. १८ वर्षांची लाकडी बोट, सहा सिलेंडरचे इंजिन आणि जाळी असा सौदा ९ लाखांना ठरला आहे. दीड लाख विसार देऊन झाला. बोट सध्या झापांनी शाकारून (झाकून) किनाऱ्यावर आहे. विकणाऱ्याचे म्हणणे असे, की उरलेली रक्कम जुलैअखेर द्या, १ ऑगस्टला बोट पाण्यात घाला, नावाचे नंतर सवडीने बघू. वाचकाचा प्रश्न एवढाच: लाकडी बोट घ्यावी, की थोडे थांबून फायबरची? जून-जुलैच्या मासेमारीबंदीत अशी पत्रे दर वर्षी येतात, आणि बहुतेकांत विसार आधीच दिलेला असतो.

लाकूड की फायबर हे नंतर पाहू. तुम्ही पाठवलेल्या विसारपावतीतले चौथे कलम असे आहे: "सदर नौकेवर कोणत्याही संस्थेचे अगर बँकेचे देणे निघाल्यास ते लिहून देणार स्वतः भागवतील." हे कलम आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत, असे तुम्ही लिहिता. तुमचे सर्वांत मोठे नुकसान याच कलमाने होणार आहे.

हे वचन विकणाऱ्याने तुम्हाला दिले आहे, सोसायटीने नाही. पत्रातच तुम्ही सांगता की बोट मच्छीमार सोसायटीमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून, गटाने घेतलेली होती. अशा कर्जांत बोट गहाण असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४७ सांगते की सभासदाने संस्थेकडे गहाण ठेवलेल्या, पण स्वतःच्याच ताब्यात असलेल्या जंगम मालमत्तेवर संस्थेचा बोजा असतो. संस्थेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय ती मालमत्ता कोणाला देता येत नाही, दिली तर ते हस्तांतरण रद्दबातल. तुमच्या दोघांतल्या वचनाने हा बोजा हलत नाही.

दुसरी बाजू अधिक वाईट आहे. माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम १४ खरेदीदाराला न मागता एक हमी देते: माल इतर कोणाच्या बोजापासून मुक्त असेल. मात्र करारापूर्वी किंवा करार करताना ज्या बोजाची खरेदीदाराला माहिती होती, त्याला ही हमी लागू नाही. उद्या तुम्ही कोर्टात म्हणाल, मला ठाऊक नव्हते. समोरचा वकील हेच चौथे कलम वाचून दाखवील, आणि खाली तुमची सही असेल. गटातल्या एकानेच विकली असेल तरी तेच. याच कायद्याचे कलम २८ प्रामाणिक, अनभिज्ञ खरेदीदाराला सांभाळते; पण बोट गटाची आहे हे तुम्हाला आज माहीत आहे.

दीड लाख देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात अर्धा तास गेला असता तर हे सगळे टळले असते. माझ्या गावातलाच माणूस आहे, असे तुम्ही लिहिता. पण त्याचे नाव कर्जखात्यावर आहे, तुमचे नाही. आणि नोटरीचा शिक्का सह्या कोणी केल्या एवढेच सांगतो. बोट कोणाची, ते नाही.

पैसे देऊन पुढे भांडू, असेही मनात आणू नका. सोसायटीला सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, तो बराच लवकर मिळतो आणि बोट जप्त होते. तुम्हाला मात्र पैशांसाठी दिवाणी दावा लावावा लागेल. त्या दाव्यात वादाचे मुद्दे कोर्टाने नुसते ठरवेपर्यंत किती तारखा पडतात, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको. तोवर लाकडी बोट उन्हात सुकते, फळ्यांच्या सांधी उघडतात. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी तेव्हा ती बोट राहिलेली नसेल. कोर्टाच्या या संथपणाचा मला राग येतो, पण आज तुमचा निर्णय तो गृहीत धरूनच घ्यायला हवा.

म्हणून क्रम उलटा करा. सोसायटीकडून या आठवड्याच्या तारखेचा, दंडव्याजासह कर्जखात्याचा उतारा मागा. विकणाऱ्याला सोबत न्या, कारण खाते त्याचे आहे. कर्जाची बाकी जर तुम्ही अजून द्यायच्या साडेसात लाखांहून अधिक निघाली, तर हा सौदा सोडा. कमी निघाली तर तुम्ही, गटातले सगळे सभासद आणि सोसायटी असा एकच करार करा. चौथे कलम त्यात नको. कर्जाच्या बाकीची रक्कम तुम्ही थेट सोसायटीच्या नावे धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरा. बेबाकी दाखला (काही देणे उरले नाही असा दाखला) आणि विक्रीची लेखी परवानगी हातात आल्यावर, मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात नोंदणी तुमच्या नावावर झाल्यावर, मगच विकणाऱ्याला उरलेले पैसे. कर्जात सरकारचा वाटा असेल तर याच कार्यालयाची संमतीही लेखी घ्या.

मासेमारीचा परवाना वेगळा. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा हा परवाना बोटीबरोबर आपोआप तुमच्याकडे येईल असे धरू नका. कोणत्या जाळ्यासाठी आहे, मुदत कधी संपते, हे आधीच विचारा. तुम्हाला तो मिळेलच असे मी सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या कागदांवर समुद्रात मात्र जाऊ नका. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रातली तपासणी कडक आहे, आणि बोट बुडाली तर विमा कंपनी पहिल्यांदा नोंदणीवरचे नाव पाहील.

लाकडाबद्दल थोडेच. बोट तपासण्याची संधी असताना नीट न पाहता घेतली, तर नंतर लाकूड कुजके निघाले म्हणून तक्रार टिकणे कठीण. तुमच्या बोटीला बाहेरून फायबर चढवले आहे. त्याखाली काय आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. झापे काढून, होड्या बांधणाऱ्या जाणत्या मेस्त्रीला आत उतरवा आणि त्याचे मत लेखी घ्या. किंमत वाजवी आहे का, हेही तोच सांगेल.

विसाराचे काय? पावतीत तुम्ही माघार घेतली तर विसार बुडेल असे आहे. तरीही तुमच्याकडे एक मुद्दा उरतो: विकण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे असणे ही माल विक्री अधिनियमाच्या कलम १४ मधलीच वेगळी शर्त आहे, आणि संस्थेच्या परवानगीशिवाय तो त्याच्याकडे नाही. कोर्ट हे मान्य करील असे मला वाटते. खात्री देत नाही. त्यासाठी आजच नोंदणीसह स्पीड पोस्टने पत्र पाठवा: १५ दिवसांत सोसायटीची लेखी परवानगी आणि बेबाकी दाखला द्या, अन्यथा विसार परत करा. पोचपावती जपून ठेवा. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, आणि त्याने आग्रह केला तरी बोटीचा ताबा घेऊ नका.