कॅमेरा कपड्यांमुळे बंद नाही, बाई

दापोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी २४ वर्षांची. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. महिन्यातला पहिला आठवडा पुण्याला ऑफिसात, बाकी महिना घरून. घरी दिवसभर टी-शर्टवर असते. चिपळूणहून चांगला काळा ब्लेझर आणून दिला, एकदाही अंगाला लावला नाही. सुट्टी लागल्यापासून मी घरीच आहे, तर तिचे कॉल पडवीत बसून ऐकते आणि संपले की काय चुकलं ते सांगते. तरी सुधारणा नाही. उलट जवळजवळ महिनाभर तिने कॅमेराच बंद ठेवलाय. टीम लीडने त्याबद्दल विचारलंसुद्धा. कॉलवर नेमके कोणते कपडे घालावेत? पुण्यात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स आहे, फी ३२ हजार. घालू का? वाडीत सगळे विचारतात, मुलगी घरीच कशी? ही अर्धीमुर्धी नोकरी सोडून बँकेच्या नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेला बसवू का?"

नमस्कार बाई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येते, पण मी अडकले ते न विचारलेल्या गोष्टीवर. तुम्ही पडवीत बसून कॉल ऐकता. रोज. आणि संपल्यावर चुका सांगता.

समजा, उद्यापासून तुमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर केंद्रप्रमुख खुर्ची टाकून बसले. तपासणीच्या दिवशी नव्हे, रोजच. तास संपला की आत येऊन म्हणाले, "बाई, चार वेळा 'म्हणजे' म्हणालात, फळ्याकडे बघून बोललात, आणि ही साडी काही शोभत नाही." किती दिवस शिकवू शकाल? मला वाटतं, आठवड्याभरात तुम्ही खिडकी लावून घ्याल. तुमच्या मुलीला पडवीचं दार लावता येत नसावं, म्हणून तिने कॅमेरा बंद करून घेतला.

हे मी हवेत बोलत नाही. तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. कॅमेरा बंद आहे जवळजवळ महिनाभर. तुमची उन्हाळी सुट्टी लागूनही तेवढेच दिवस झाले. त्याआधी कॉल चालायचे, तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि कॅमेरा चालू होता. टी-शर्ट तेव्हाही तेच असणार.

कॉलवर माणूस आधीच अवघडलेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती. त्यातलं एक म्हणजे स्वतःचा चेहरा सतत समोर दिसत राहणं. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, तेव्हा हा थकवा बायकांना जास्त जाणवतो असं दिसलं, आणि स्वतःला बघत राहण्याचा त्यात मोठा वाटा होता. तुमच्या लेकीला स्क्रीनवरचा आरसा आहे आणि पडवीतला दुसरा. स्क्रीनवरचा तिला घालवता येतो. स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, बाकीच्यांना ती दिसतच राहते. दुसरा घालवणं तुमच्या हातात आहे.

आता 'अर्धीमुर्धी नोकरी'. हा गैरसमज मला पत्रांतून सारखा भेटतो, आणि तो वाडीतल्या लोकांनी केला तर एक वेळ समजू शकते. हायब्रिड (काही दिवस ऑफिसात, काही घरून) म्हणजे काम अर्धं नव्हे. जागा दोन, काम तेच, पगारही तोच. घरून करणारे मागे पडतात, त्यांना बढती मिळत नाही, ही भीतीही खूप जणांना असते. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवासाची बुकिंग करणाऱ्या कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशेहून जास्त कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. काही जणांना आठवड्याचे दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पूर्ण आठवडा ऑफिस. पुढची दोन वर्षं पाहिलं तर कामाचं मूल्यमापन आणि बढत्या यांत फरक पडला नव्हता. नोकरी सोडून जाणारे मात्र हायब्रिड गटात एक तृतीयांशाने कमी झाले. तुमच्या मुलीचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं आहे, घरचे दिवस जास्त आहेत. म्हणून पुण्याच्या त्या एका आठवड्याला महत्त्व आहे. तो आठवडा लग्नाकार्यासाठी बुडवायला लावू नका, इतकंच सांगते. आणि 'घरीच कशी?' असं कुणी विचारलं तर 'कामावर आहे, सहानंतर भेटेल' एवढं उत्तर पुरे. पाहुणे आले म्हणून तिला चहा टाकायला उठवत असाल (लिहिलेलं नाहीत, पण मला शंका आहे), तर वाडीचं मत बदलणार कसं?

कपडे. इथे तुमचं थोडं खरं आहे. रात्री झोपलेल्या टी-शर्टवर सकाळी कॉलला बसू नये. समोरच्यांना कळो न कळो, आंघोळ करून कपडे बदलले की काम सुरू झालं हे आपलं आपल्याला कळतं. पण ब्लेझर? मे महिन्यात, दापोलीला? पंखा बंद करावा तर घाम, चालू ठेवावा तर माइकमध्ये घरघर. कॉलर असलेला सुती कुर्ता किंवा शर्ट, एका रंगाचा, फार फिका नाही आणि फार गडद नाही, एवढं भरपूर आहे. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लुकलुकतात. पांढराशुभ्र असेल तर कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळाकुट्ट असेल तर उलट होऊन चेहरा पांढरट पडतो. म्हणजे तुमचा काळा ब्लेझर तांत्रिकदृष्ट्याही सोयीचा नाही. तिच्या टीममधले लोक काय घालतात ते तिला रोज दिसतं, तुम्हाला नाही. सगळे टी-शर्टवर असतील तर एकटीने कोट घालून बसणं व्यावसायिक नव्हे, विचित्र दिसेल. खाली काय घालायचं तो तिचा प्रश्न. दार वाजलं तर कॅमेऱ्यासमोरून उठता यावं, एवढंच.

ब्लेझर पुण्याला पाठवून द्या. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात राहिला तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी येईल. चामड्याच्या बुटांचंही तेच. ऑफिसच्या आठवड्याचे दोन-तीन जोड तिथेच राहू देत, म्हणजे एसटीतून चुरगळलेले कपडे घेऊन जायला नको. इथे जुलैत जाड सुती कपडा दोन दिवस वाळत नाही. तेव्हा पातळ किंवा मिश्र धाग्याचं बरं पडतं.

समोरच्याला माणूस नीटनेटका वाटतो तो कपड्यांपेक्षा उजेड आणि आवाजामुळे. खिडकी पाठीमागे असेल तर चेहऱ्याची नुसती सावली दिसते; तोंड खिडकीकडे करून बसायचं. लॅपटॉप मांडीवर असेल तर नाकपुड्या आणि वासे दिसतात. जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणायचा. साधा वायरचा इअरफोन लॅपटॉपच्या माइकपेक्षा चांगला. तीही पडवीतच बसत असेल आणि वर पत्रा असेल तर आषाढात तिथे स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यायचं नाही, म्हणून तिची बैठक आतल्या खोलीत हलवा. दार असलेल्या खोलीत.

आणि वीज. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोलीकरांनी किती दिवस अंधारात काढले ते मी तुम्हाला सांगायला नको. तेवढं नाही, पण वळवाच्या पावसात तास-दोन तास वीज जाणं नेहमीचंच. एका कॉलला इंटरनेटचा तीन-चार एमबीपीएस वेग पुरतो, पण राउटरच बंद पडला तर शंभरचा प्लॅनही काय कामाचा? घराला इन्व्हर्टर, किंवा निदान राउटरपुरता छोटा यूपीएस, आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम. तुमचे ३२ हजार इथे घाला. त्यात पाठीला आधार देणारी बरी खुर्चीसुद्धा बसेल. पण आणण्याआधी तिला विचारा. ब्लेझरच्या वेळी विचारलं नव्हतंत असं दिसतंय.

त्या कोर्सची फी भरू नका. बोलायचं कसं हे तिला येतं. टेस्टिंगचं काम म्हणजे दुसऱ्याच्या चुका त्याला न दुखावता सांगणं, आणि त्यासाठी कंपनी तिला पगार देते.

बँक आणि तलाठी या दोन्ही परीक्षा पदवीधरांना खुल्या आहेत. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीच्या (आयबीपीएस) परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला २८ आहे, म्हणजे वेळ आहे. मात्र तिला त्या द्यायच्या आहेत असं तुमच्या दोन पानी पत्रात कुठेही नाही. तिचं कोणतंच म्हणणं त्यात नाही.

टीम लीडचा प्रश्न उरतो, आणि तो लवकर मिटवायला हवा. सुरुवातीची पाच मिनिटं आणि स्वतः बोलताना कॅमेरा चालू, बाकी वेळ बंद, असं ती त्यांना विचारू शकते. बऱ्याच टीम एवढ्यावर खूश असतात. विचारायचं कसं आणि कधी, ते तिचं ती ठरवेल. मेसेज पाठवण्याआधी तुम्ही तो तपासायचा नाही.