गवताच्या कड्याची पाती घरी आणू नयेत

जपानमधील शिंतो देवळांत ३० जूनला गवताच्या मोठ्या, गोल कड्यातून का जातात आणि परक्या माणसाने त्यातून जावे का, असे आपण विचारले आहे. जरूर जावे, मात्र कड्याचे एकही पाते उपटू नये, कारण ती चूक माझ्याच घरच्या माणसाकडून झालेली आहे.

क्योटोला आमच्याकडे आलेले माझे मेहुणे 'नागोशी नो हाराए'च्या, म्हणजे याच शुद्धीविधीच्या, दिवशी माझ्याबरोबर देवळात आले. आधी डावीकडून, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून अशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे त्यांनी मनोभावे घेतली आणि निघताना कड्यातली दोन हिरवी पाती ओढून रुमालात गुंडाळली. मागे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी एक शब्दही न बोलता ओंजळ पुढे केली, ती पाती मागून घेतली आणि कड्याच्या दोरीखाली एकेक करून परत खोचली. मला मान वर करवेना. मेहुणे मात्र आजही म्हणतात की, देवळातून रिकाम्या हाताने येऊ नये, तो प्रसादच होता.

तो प्रसाद नव्हे. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत साचलेले दोष आणि अशुद्धी, म्हणजे 'केगारे', तेथे सोडून यायची असते. दृष्ट काढलेल्या मीठमोहऱ्या आपण कधी पुडी बांधून जपून ठेवतो का? याच विधीतल्या कागदी बाहुलीचेही तेच: तिच्यावर नाव आणि वय लिहून ती अंगावरून फिरवतात, तिच्यावर फुंकर घालतात आणि देवळात देऊन टाकतात. क्योटोच्या कामिगामो देवळात रात्री त्या बाहुल्या ओढ्यात सोडल्या जाताना पाहिल्या की, कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

काही देवळे स्वतःच लहान कडी देतात आणि लोक ती घराच्या दाराशी टांगतात, हे खरे. पण ती वेगळी बनवलेली असतात. तारीखही सगळीकडे एक नसते; ओसाकाच्या सुमियोशी ताइशा या देवळात हा विधी ३१ जुलैला होतो. वळणांचा क्रम देवळातील फलकावर पाहूनच चालावे.

आणि घरी काही न्यायचेच असेल, तर त्या दिवशी क्योटोत 'मिनाझुकी' खातात: पांढरी, त्रिकोणी, वर अझुकी या लाल कडधान्याचे दाणे असलेली मिठाई. देवळातून परतताना मी मेहुण्यांना ते दुकान दाखवलेही होते.