लिथुआनियाचा ‘पेर्कूनस’ आणि आपला ‘पर्जन्य’

प्रश्न असा आहे: लिथुआनियातील जुन्या, ख्रिस्तपूर्व लोकधर्माचे पुनरुज्जीवन करणाऱ्या ‘रोमुवा’ पंथाचे लोक आजही पेर्कूनस नावाच्या मेघगर्जनेच्या देवाची उपासना करतात. हा पेर्कूनस म्हणजे वेदांतला पर्जन्यच, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते खरे मानावे का?

माझे मत असे की हे समीकरण सिद्ध झालेले नाही आणि ते सिद्ध झाल्यासारखे लिहू नये. दोन्ही देवतांचे काम एकमेकांशी विलक्षण जुळते, यात मात्र शंका नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील पर्जन्यसूक्तात ‘वि वृक्षान् हन्त्युत हन्ति रक्षसः’ असे म्हटले आहे. पर्जन्य झाडे फोडतो, राक्षसांना मारतो आणि त्याच्या महान शस्त्राला सारे भुवन भिते. लिथुआनियाच्या लोककथांतला पेर्कूनसही ओकवृक्षावर वीज पाडतो आणि भुताखेतांचा पाठलाग करतो. अडचण अर्थाची नसून ध्वनींची आहे.

ती समजण्यासाठी आधी नाव नीट लिहिले पाहिजे. मराठीत ‘पेर्कूनास’ असे लिहिण्याकडे कल असतो, परंतु शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे आणि त्यापुढचा ‘स्’ हा प्रथमेचा प्रत्यय आहे. संस्कृतात ‘देवः’ या रूपात ज्याचा विसर्ग झाला, तोच हा ‘स्’. लिथुआनियन भाषेत देवाला ‘दियेवस’ म्हणतात आणि त्याचे संबोधन ‘दियेवे’ असे होते. ‘देव’ आणि ‘दियेवस’ यांचे नाते मूळ शब्दापासून प्रत्ययापर्यंत नियमाने जुळते, आणि त्यावर अभ्यासकांत वाद नाही. त्या भाषेतली ‘दियेवस दावे दांतिस, दियेवस दुओस इर दुओनोस’ ही म्हण संस्कृतशी असलेले साम्य दाखवण्यासाठी नेहमी उद्धृत केली जाते. देवाने दात दिले, तो भाकरीही देईल, असा तिचा अर्थ. आपण तेच ‘चोच दिली तो चाराही देईल’ असे म्हणतो. त्यातील ‘दुओना’ म्हणजे भाकरी, आणि तिचा संबंध आपल्या ‘धाना’शी, म्हणजे भाजलेल्या धान्याशी, जोडतात. अग्नीला ‘उग्निस’, पहाटेला ‘आउश्रा’ हीदेखील तशीच भरवशाची उदाहरणे आहेत.

आता ‘पेर्कूनस’ घेऊ. लिथुआनियन ‘क’च्या जागी संस्कृतात ‘क’ किंवा ‘च’ येतो: ‘पेन्की’ म्हणजे पञ्च, ‘केतुरी’ म्हणजे चत्वारः. संस्कृत ‘ज’च्या जागी तिकडे पुष्कळदा ‘ग’ आढळतो. ‘जीवः’ हा शब्द तिथे ‘गीवस’ असा आहे. म्हणजे ‘पर्जन्य’शी काटेकोरपणे जुळणारे नाव ‘पेर्ग–’ अशा आरंभाचे असायला हवे होते, आणि ‘पेर्कूनस’शी जुळणारा संस्कृत शब्द ‘पर्क–’ किंवा ‘पर्च–’ असा. काही अभ्यासक यातून वाट काढण्यासाठी ‘मारणे’ या अर्थाचा एकच जुना धातू धरतात आणि त्याला निरनिराळ्या भाषांत निरनिराळी व्यंजने चिकटली असे मानतात. स्लाव्ह लोकांचा गर्जनादेव पेरून त्यांच्या मते त्याच धातूचा. दुसरा पक्ष पेर्कूनसचा संबंध ओकवृक्षाच्या जुन्या नावाशी लावतो. तेच नाव लॅटिनमध्ये ‘क्वेर्कुस’ झाले, आणि तिथे आरंभीच्या ‘प’चा ‘क्व’ कसा झाला हे ‘पञ्च’साठी लॅटिनमध्ये असलेल्या ‘क्विन्क्वे’ या शब्दावरून दिसते. मला दुसरा पक्ष अधिक पटतो. तो स्वीकारला तर पर्जन्य या कुळाबाहेर राहतो.

काम एक असले म्हणून नावही एकाच मुळाचे असते, असे नाही. आइसलँडमध्ये १९७३ साली शासकीय मान्यता मिळालेल्या, जुन्या नॉर्स देवांना भजणाऱ्या आसात्रू पंथाचा थोर हाही गर्जनेचाच देव, पण त्याचे नाव आपल्या ‘स्तनयित्नु’ आणि ‘तन्यतु’ या गर्जनावाचक शब्दांच्या कुळातले आहे. त्याला कोणी पर्जन्य म्हणत नाही, कारण तिथे कानाला फसवणारे साम्य नाही.

रोमुवाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म अधिकृतपणे स्वीकारला तो १३८७ साली, म्हणजे युरोपात फार उशिरा, आणि त्यानंतरही जुनी नावे लोकांच्या बोलण्यात आणि गाण्यांत टिकली. रोमुवाचे प्रवर्तक योनास त्रिंकूनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सोव्हिएत राजवटीत केर्नावे येथे उन्हाळी अयनाचा ‘रासोस’ हा सण उघडपणे साजरा केला, तेव्हा त्यांचा मुख्य आधार हीच लोकगीते आणि गावांतले आचार होते. (सणाच्या नावातील ‘रसा’ म्हणजे दव, आणि तो शब्द आपल्या ‘रस’चा सख्खा भाऊ आहे.) १९९२ साली रोमुवाची नोंदणी झाली. राज्याची मान्यता मात्र नाकारली गेली; त्यात भेदभाव झाला, असा निकाल २०२१ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला, आणि २०२४च्या डिसेंबरात तेथील संसदेने ती मान्यता दिली. या पंथात अग्निवेदीला ‘आउकुरस’ म्हणतात. तिच्यात आहुती देताना गायली जाणारी गाणी लिथुआनियन असतात. तिथल्या काही उपासकांना वेदांशी आपले नाते जवळचे वाटते, आणि भाषेच्या अंगाने त्यात तथ्यही आहे. परंतु त्यांचा पेर्कूनस वेदांतून घेतलेला नाही.

हे नाव तिथे किती रुळलेले आहे ते पाहावे. ‘पेर्कूनस’ हे सामान्यनामही आहे आणि त्याचा अर्थ गडगडाट. गडगडाटी वादळाला ‘पेर्कूनिया’ म्हणतात. पेर्कूनसला उद्देशून म्हटले जाणारे एक खट्याळ लोकवचन आहे: ‘हे देवा, झेमाइत्याला मारू नकोस, गुदाला मार, तांबड्या कुत्र्याला मारावे तसा.’ झेमाइती म्हणजे पश्चिम लिथुआनियाचा माणूस, गुदस म्हणजे शेजारचा बेलारुसी. उत्तरेकडे फिनलंडमध्ये याच नावापासून ‘पेर्केले’ हा शब्द आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो तिथे आधी सैतान झाला आणि आता सर्रास दिली जाणारी शिवी आहे.

मराठीतल्या ‘पर्जन्य’ची गोष्ट उलटी आहे. हा शब्द आपल्याकडे परंपरेने बोलण्यातून उतरत आलेला नाही. पालीत त्याचा ‘पज्जुन्न’ झाला होता. तशी झीज होऊन मराठीपर्यंत पोहोचलेले एखादे रूप घरगुती बोलण्यात आढळत नाही. आपण म्हणतो तो ‘पाऊस’, आणि तो ‘प्रावृष्’पासून आला. ‘पर्जन्य’ संस्कृत ग्रंथांतून जसाच्या तसा घेतला गेला. ‘पर्जन्यादन्नसंभवः’ हे गीतावचन त्याला परिचित ठेवायला पुरेसे होते. देवतेचा अर्थ पर्जन्यसूक्तात आणि पर्जन्ययागात उरला, आणि पर्जन्यमान, पर्जन्यछाया, पर्जन्यमापक हे शब्द हवामानशास्त्राकडे गेले. पाऊस लांबला की गावातली पोरे दारोदार ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरतात; त्या हाकेत पर्जन्याचे नाव येत नाही.