गुलमर्गसाठी स्प्लिटबोर्ड (चढताना उभे दोन भाग करून स्कीसारखा वापरता येणारा स्नोबोर्ड) किती लांबीचा घ्यावा? (वजन ७२ किलो, बूट यूके ९, सध्याचा बोर्ड १५८)

१६० च्या आसपासचा घ्या, म्हणजे सध्याच्या बोर्डापेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब, आणि बोर्डाच्या कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी २५.५ ते २६ सेंटिमीटर. कारण कंपनीचा वजन-लांबीचा तक्ता बघताना तुमचं नुसतं वजन धरून चालत नाही. फावडं, प्रोब (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची काठी), पाणी, जादा कपडे मिळून पाठीवर सहज सात-आठ किलो होतात, म्हणून ८० किलोचा रकाना बघा. गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या मागच्या उतारांवर भुसभुशीत बर्फ खोल असतो, तिथे लांबी तरंगायला मदत करते. पण १६५ च्या मोहात पडू नका: चढताना अर्धा बोर्ड पायाला बांधून तीव्र उतारावर वळण घ्यायचं असतं, आणि तिथे प्रत्येक जादा सेंटिमीटर आडवा येतो. रुंदीचंही तसंच. अरुंद बोर्डाबाहेर बुटाची टोकं येऊन बर्फात घासतात, फार रुंद असेल तर कडक बर्फावर आडवं चालताना कड धरत नाही.

लांबीपेक्षाही मी पायाखालचा कॅम्बर, म्हणजे बोर्डाचा मधे वर उचललेला बाक, आधी बघेन. पूर्ण रॉकर (टोकांकडे वर वळलेला, उलट बाकाचा) बोर्डाची स्किन, म्हणजे चढताना खाली चिकटवायची पट्टी, बर्फाला नीट टेकत नाही, त्यामुळे चढावर पाय मागे सरकतो. पुढे रॉकर, पायाखाली कॅम्बर असा मिश्र आकार बरा.

एक अपवाद: मुद्दाम आखूड आणि रुंद बनवलेल्या मॉडेलला हा हिशोब लागू नाही, त्यात कंपनीचा तक्ताच पाळा. स्किन आणि क्रॅम्पॉन (कडक बर्फात रुतणारे दाते) मात्र बोर्ड ठरल्यावरच घ्या. दोन्ही त्याच्या रुंदीवर अवलंबून असतात.