गाडीचं दुखणं: वाचक विचारतात, आम्ही सांगतो

प्रश्न (सातारा): माझी पेट्रोल हॅचबॅक ९ वर्षं जुनी आहे. पुण्याहून येताना खंबाटकी चढून झाला की पुढे आनेवाडी टोलच्या लाइनीत अचानक बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी घेत नाही, २०-२५ मिनिटांनी मात्र एका सेल्फमध्ये चालू. दरवेळी नाही होत, आणि गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चालते. प्लग, बॅटरी, फ्यूएल फिल्टर बदलून झालं, आता म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला, २८ हजार. बदलू का?

उत्तर: नका बदलू, इतक्यात तरी नको. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी बरी होती, ती उगाच बदलली. वर बॅटरी काढताना बऱ्याच गाड्यांत ईसीएमच्या मेमरीतले पेंडिंग कोड (अजून पक्क्या न झालेल्या फॉल्टच्या खुणा) आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा टेम्परेचर किती, स्पीड किती वगैरे नोंद, तीही पुसली जाते. पुरावा असलाच तर गेला.

असा येऊन-जाऊन असणारा फॉल्ट गार गाडीत सापडत नाही हो, मेकॅनिक कितीही हुशार असू दे. टोलवर तुम्ही कपाळाला हात लावून बसता ना, ती २० मिनिटंच तपासायची वेळ. गाडी ढकलून कडेला घ्या, हॅझर्ड लावा आणि आधी चावी ऑन करून मागच्या सीटखालून २-३ सेकंद घूं असा फ्यूएल पंपाचा आवाज येतो का ऐका. आवाज नसेल तर पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) काढून त्याच्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून बघा. आवाज येत असेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघायचा, त्यासाठी हजाराच्या आतला ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) मोबाइलला जोडून ठेवा. सेल्फवर साधारण २००-३०० आरपीएम दिसायला पाहिजे. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) नाहीतर त्याची वायर, कपलर (वायरचा जोड).

मला तुमच्या केसमध्ये संशय त्याचाच आहे. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरच्या आत केसाएवढ्या तारेची कॉइल असते, म्हातारी झाली की तापल्यावर फुगून आतल्या आत तुटते आणि गार झाली की परत जुळते. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून घाट निभावतो, लाइनीत उभं राहिलं की इंजिनची सगळी धग त्याच्यावर. आणि कोड का येत नाही? सिग्नल गेला की ईसीएमला वाटतं इंजिनच थांबलं, त्यात तक्रार कसली! काही गाड्या पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड टाकतात, काही गप्प बसतात.

अजून एक खूण. चालताना गिअरमध्येच बंद पडली तर आरपीएमचा काटा बघा, चाकं इंजिन फिरवत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला तर सिग्नल किंवा करंट गेलाय, झटके देत मिस मारत हळूहळू मेली तर पेट्रोलकडे बघा. (अशा वेळी स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, उगाच पंप करू नका.)

गॅरेजवाल्याला सांगा, इंजिन चालू ठेवून सेन्सरला हेअर ड्रायरने तापव, कपलर हलवून बघ. बंद पडली की ओलं फडकं लावून गार कर, परत चालू झाली तर विषय मिटला. सेन्सर ईसीएमपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि कपलरमध्ये हिरवा गंज निघाला तर नुसत्या सफाईत भागेल.

प्रश्न (डोंबिवली): शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की कधी कधी सोमवारी बॅटरी डाऊन. बॅटरी टेस्टला ओके येते.

उत्तर: मग कोणीतरी रात्री करंट पितंय. गाडी लॉक केल्यावर अर्ध्या तासाने करंट मोजायला सांगा, साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे. अर्धा अँपिअर गळत असेल तर ४८ तासांत २४ अँपिअर-अवर जातात, तुमची बॅटरी जेमतेम ३५ ची. 'कधी कधी' होतंय म्हणजे कधी झोपणारं आणि कधी जागं राहणारं काहीतरी, म्हणून बाहेरून बसवलेला स्टिरिओ, ट्रॅकर, सेंट्रल लॉक हे आधी बघा. डिकीचा दिवा विझतो का तेही बघा, मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा, कळेल.

प्रश्न (चिपळूण): पावसात बाइक मध्येच बंद पडते, सुकली की ठीक.

उत्तर: प्लग कॅप आणि साइड स्टँडचा स्विच. नव्या बऱ्याच बाइकना स्टँड खाली असेल तर इंजिन बंद करणारा स्विच असतो, त्यात चिखल गेला की स्टँड वर असूनही बाइकला तो खालीच वाटतो. पाण्याने धुवा, सुकवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. प्लग कॅपला चीर असेल तर अंधारात इंजिन चालू करून थोडं पाणी शिंपडा, ठिणगी उडताना दिसते, हात मात्र लांब ठेवा.