'अवैध प्रवासी' नको, 'घुसखोर' तर मुळीच नको

प्रश्न आखाती देशांत कामाला गेलेल्या कोकणातल्या माणसांवर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. 'इर्रेग्युलर मायग्रेशन'ला, म्हणजे कायद्याच्या चौकटीबाहेर होणाऱ्या स्थलांतराला, 'अनियमित स्थलांतर' म्हटलेलं चालेल का? आणि व्हिसा संपूनही तिथेच राहिलेल्या माणसाला काय म्हणायचं? तिचे मार्गदर्शक 'अवैध प्रवासी' सुचवतात, तर आणखी एक प्राध्यापक 'सरळ घुसखोर लिही' म्हणतात.

'अवैध प्रवासी' हा आपल्या नागरिकत्व कायद्याच्या हिंदी पाठातला शब्द. संस्कृतात 'प्र + वस्' म्हणजे घरापासून दूर राहणं. हिंदीने तो अर्थ जपला, त्यामुळे तिथे तो बरोबरच आहे. मराठीत मात्र प्रवासी एसटीत बसतो. 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हटलं की सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर वडाप, म्हणजे खचाखच भरलेली खासगी जीप येते. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या वाहिन्यांनी 'प्रवासी मजूर, प्रवासी मजूर' असा धोशा लावला होता, तेव्हापासून हे डोक्यात जातं. 'स्थलांतरित मजूर' हा चांगला रुळलेला शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशासाठी?

'घुसखोर'वर माझा राग जास्त आहे. यातला 'खोर' फारसी, मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो स्वभाव किंवा सवय दाखवतो: भांडखोर, लाचखोर, चहाडखोर, नफेखोर. म्हणजे 'घुसखोर' म्हणताना आपण कृती सांगत नाही, माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतो. शिवाय इथे कोणी घुसलेलंच नाही. रत्नागिरीचा माणूस रीतसर व्हिसा घेऊन विमानतळाच्या दारातून आत गेला. तिथल्या पद्धतीत त्याचं वास्तव्य कफीलशी, म्हणजे त्याला बोलावून घेणाऱ्या मालकाशी बांधलेलं. मालकाने पगार थकवला म्हणून त्याने दुसरीकडे काम धरलं आणि मालकाने 'पळून गेला' अशी नोंद केली, की त्याचं वास्तव्य बेकायदा. सौदीत या नोंदीला 'हुरूब' म्हणतात. शब्दाचा अर्थच पलायन. सीमा ओलांडण्याचा इथे संबंधच नाही. एकाच खोलीत झोपणारा माणूस काल कायदेशीर होता, आज नाही. भारताचा कायदासुद्धा इथे जास्त नेमका आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात २००३ साली जी व्याख्या घातली, तिच्यात वैध कागदांविना आलेला आणि वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेला, असे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत. प्राध्यापकांनी ते वाचावं.

'अनियमित'ही नको. मराठीत पाणीपुरवठा अनियमित असतो, हप्ते अनियमित असतात. 'अनियमित स्थलांतर' म्हटलं तर मधूनमधून होणारं स्थलांतर वाटेल आणि बीडहून दर वर्षी कारखान्यांवर जाणारे ऊसतोड कामगार हे 'नियमित स्थलांतरा'चं उदाहरण ठरेल. 'नियमबाह्य स्थलांतर' लिहावं. बाह्य आहे ते स्थलांतर, माणूस नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ सालीच अशा कामगारांना 'बेकायदा' म्हणू नका असं ठरावात सांगितलं होतं.

आता खरा शब्द, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं: परागंदा. हल्ली बातम्यांत 'आरोपी परागंदा' असं सर्रास येतं. साफ चूक. आरोपी 'फरार' असतो. 'फरार'मध्ये पळणं आहे. 'परागंदा' हा फारसी 'परागंदन'वरून आला. त्याचा अर्थ विखरणं, आणि परागंदा म्हणजे विखुरलेला. त्याला 'परा + गम्' असं संस्कृत जानवं घालणारे विद्वान अधूनमधून भेटतात. त्यांनी 'गम्'मधून 'गंदा' कसं निघालं ते एकदा दाखवावं. अख्खाच्या अख्खा शब्द त्याच अर्थाने फारसीत नांदतो आहे, तरी ही ओढाताण कशाला? आणि गंमत पाहा, मायदेशाबाहेर विखुरलेल्या समाजाला इंग्रजीत म्हणतात त्या 'डायस्पोरा'साठी विद्यापीठांत दरवर्षी नवा शब्द पाडतात, त्याचा ग्रीक अर्थही विखुरणं हाच आहे. आपल्याकडे त्याच अर्थाचा 'परागंदा' मराठेशाहीपासून आहे.

मराठेशाहीच्या कागदांत रयत परागंदा होते ती दुष्काळाने, स्वारीने, शेतसारा झेपेनासा झाल्याने. गावात तेव्हाही दर्जे होतेच: वंशपरंपरेचा मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा उपरी. पण मिरासदार परागंदा झाला म्हणून त्याची मिरास, म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क, लगेच बुडत नसे. परत आला तर तो हक्क सांगू शकत असे. आणि ओस गाव पुन्हा वसवायचं तर सरकार कौल देई: परत या, सारा सुरुवातीला हलका घेऊ, मग दर वर्षी थोडा थोडा वाढवू. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत.

हा 'कौल' मला फार मोलाचा वाटतो. देवाला लावतात तो कौल आणि मतदारांचा कौल हाच. मूळ अरबी 'कौल', म्हणजे बोल, दिलेला शब्द. संयुक्त अरब अमिरातींनी २०१८ साली मुदत उलटलेल्यांना दर्जा दुरुस्त करून घ्यायची किंवा दंडाविना देश सोडायची संधी दिली, २०२४ मध्ये पुन्हा दिली. आपली वर्तमानपत्रं त्याला 'माफी योजना' म्हणतात. माफी गुन्ह्याची असते. कौलात सरकार शब्द देतं आणि माणूस त्या शब्दावर विसंबून उघडपणे समोर येतो. तिथे नेमकं हेच घडतं. शासकीय परिभाषेला हा शब्द पसंत पडणार नाही. माझा आग्रह तरीही कायम आहे. प्रबंधात 'कौल' वापरावा आणि पहिल्या प्रकरणात अर्थ देऊन टाकावा.

मूळ प्रश्नातला उरलेला भाग. मुदत संपून राहिलेल्याला 'मुदतबाह्य रहिवासी' म्हणावं. 'कागदपत्रहीन' हा काही जण वापरतात तो शब्द टाळावा, कारण पुष्कळदा कागद असतात, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. 'स्टेटस'ला 'वास्तव्याचा दर्जा' पुरेसं आहे. आणि आखातातले आपले मजूर अशा माणसाला 'खल्लीवल्ली' म्हणतात, अरबीतल्या 'सोड, जाऊ दे' या बोलीवरून. मुलाखतीत कोणी स्वतःला तसं म्हणालं, तर तिथे 'नियमबाह्य' घालू नये. त्याचा शब्द तसाच छापावा.