ब्रॉडवेची गाणी ऐकायला बसशील तेव्हा

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या, पन्नास उत्तम गाण्यांची यादी मागितली आहेस, ती काही मी देणार नाही. तसल्या याद्या फोनवर ढिगाने मिळतात. त्या ऐकून झाल्या की तुझं एवढंच मत होईल की जुने अमेरिकन लोक फार मोठ्या आवाजात आणि फार आनंदाने गायचे. त्यातली कितीतरी गाणी आनंदाची नाहीतच.

'जिप्सी'चंच बघ. १९५९ चं नाटक, संगीत ज्यूल स्टाइनचं, शब्द स्टीफन सॉन्डहाइमचे. त्यातलं 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस' सुटं ऐकलंस तर ते विजयगीत वाटेल. पितळी वाद्यांचा दणदणाट आणि त्यावर नायिका झालेल्या एथेल मर्मनचा खणखणीत आवाज. आता प्रसंग ऐक. ओमाहाचं रेल्वे स्टेशन. जून नावाच्या मुलीला स्टार करायचं म्हणून तिच्या आईने, रोझने, सगळं आयुष्य पणाला लावलंय, आणि जून लग्न करून पळून गेल्याचं पत्र नुकतंच हाती आलंय. दुसरी मुलगी लुईझ आणि रोझवर जीव असलेला हर्बी या दोघांना मनातून बरंच वाटतंय. चला, आता ही बाई थांबेल, आपलं साधं घर होईल. तेवढ्यात रोझ लुईझकडे वळते. आता तू स्टार होणार, असं म्हणून गायला लागते. शब्दांत गुलाबच गुलाब आणि समोर दोन माणसं गारठून उभी. पहिला अंक तिथे पडतो.

म्हणून म्हणतो, गाणं लावण्याआधी त्याच्या मागचा प्रवेश वाच. कोण गातंय, कुणाला ऐकवतंय, आणि तोंडाने जे म्हणतंय ते त्याला स्वतःला तरी खरं वाटतंय का, एवढं विचारलंस तरी बाकीचं आपोआप उलगडत जाईल.

आपण संगीत नाटकाच्या मुलखातले. 'सौभद्रा'तलं पद रंगलं की कृष्ण-अर्जुनांची घाई खुशाल बाजूला राहते, वन्स मोअर येतो आणि कथानक विंगेत उभं राहून वाट बघतं. मला ती मजा फार प्रिय आहे. पण त्याच कानांनी संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन ही जोडी ऐकू नकोस. १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'चा पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर एक म्हातारी लोणी काढत बसलेली असते आणि विंगेतून एका गुराख्याचा आवाज येतो, सुरुवातीला साथीशिवाय. ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला पडदा उघडताच नाचणाऱ्या मुलींचा ताफा बघायची सवय होती, हे लक्षात घे. त्या नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले. गाण्याने गोष्ट पुढे न्यायची हा त्यानंतर जवळजवळ कायदाच झाला.

या जोडीचं माझं आवडतं नाटक मात्र त्यांचं पुढचं, १९४५ चं 'कॅरोझेल'. त्यातला बाकावरचा प्रवेश सलग ऐक, मध्ये थांबू नकोस. जत्रेत चक्री-पाळण्यापाशी लोकांना हाका मारणारा बिली आणि गिरणीत काम करणारी ज्युली नुकतीच भेटली आहेत. दोघांनाही प्रेम कबूल करायचं नाही. मग ती गातात काय? 'इफ आय लव्ह्ड यू', म्हणजे सगळा जर-तरचा मामला. माझं तुझ्यावर प्रेम असतं, तर मी असं वागलो असतो, मला शब्द सुचले नसते. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं ते नीट कळतही नाही. पुढे बिली मरतो, आणि दुसऱ्या अंकात त्याला थोड्या वेळापुरतं परत येता येतं. तेव्हा हीच चाल परत येते, पण जर-तर गळून पडलेलं असतं. आता तो खरंच सांगतोय, आणि ती ऐकू शकत नाही. याला रिप्राइज म्हणतात. पहिलं गाणं ऐकून तू थांबलास तर अर्धंच ऐकलंस.

गाण्याचा घाट गाणाऱ्याच्या गळ्यावरूनही ठरतो. 'सेंड इन द क्लाउन्स' तुला माहीत असेलच, १९७३ च्या 'अ लिटल नाइट म्युझिक'मधलं. ते ग्लिनिस जॉन्ससाठी लिहिलं गेलं, तेही तालमी चालू असताना. तिचा आवाज गोड पण छोटा, सूर लांबवणं जमायचं नाही. म्हणून सॉन्डहाइमने तुकडे आखूड ठेवले आणि तुकडे आखूड म्हणून त्यांचे प्रश्न झाले. जॉन्सची भूमिका डेझिरेची, म्हणजे उतारवयाकडे झुकलेल्या एका नटीची. तिने आत्ताच जुन्या प्रियकरापुढे मन मोकळं केलंय आणि त्याने नाही म्हटलंय. अशा वेळी बाई लांब ताना घेत नाही, धाप लागल्यासारखी थांबत थांबत बोलते. गायिका जूडी कॉलिन्सने १९७५ साली हे गाणं जगभर नेलं, तिचा आवाज जास्त सुंदर आहे, वादच नाही. तरी आधी जॉन्स ऐक.

मूळ नटसंचाचं ध्वनिमुद्रण आधी, नंतर बाकीचे, हाच क्रम ठेव. सिनेमावर विसंबू नकोस. 'वेस्ट साइड स्टोरी'मधलं 'अमेरिका' १९५७ च्या रंगमंचावर फक्त बायका गातात, १९६१ च्या सिनेमात तो बायका आणि पुरुषांचा सामना होतो. गाणं तेच, भांडण वेगळं.

एका ठिकाणी मात्र गाणं नाटकाबाहेर गेलं आणि मोठं झालं. १९२७ चं 'शो बोट', संगीत जेरोम कर्न, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन, गाणं 'ओल मॅन रिव्हर'. बोटीवर राबणारा जो नावाचा काळा हमाल मिसिसिपी नदीकडे बघून गातो की माणसं पिचतात आणि नदी काहीच न बोलता वाहत राहते. काळा अमेरिकन गायक-नट पॉल रोबसन याने ते लंडनच्या रंगभूमीवर गायलं, सिनेमात गायलं आणि पुढे आपल्या मैफिलींत त्याने शब्दच बदलले. थकून गेलेल्या माणसाच्या जागी मरेपर्यंत लढणारा माणूस आला. दोन्ही पाठ लागोपाठ ऐक. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले भूपेन हजारिका रोबसनला भेटले, आणि त्यातून आधी असमियात आणि मग हिंदीत जे आलं ते तू शाळेपासून ऐकतोयस: 'गंगा बहती हो क्यों'. तिथे तर थेट नदीलाच जाब विचारलाय.

'माय फेअर लेडी' तुला वेगळं समजवायला नको. पुलंची 'ती फुलराणी' तुझी पाठ आहे, आणि दोन्हींचं मूळ शॉचं 'पिग्मॅलियन'. मंजुळा 'तुला शिकवीन चांगलाच धडा' म्हणते, तसं एलायझाचं 'जस्ट यू वेट' आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघ. मग 'द रेन इन स्पेन' लाव. उच्चाराचा रटाळ धडा रात्री उशिरा अचानक जमतो आणि त्याच धड्याचं गाणं होतं. शिकण्याचा क्षण इतका नेमका पकडलेलं दुसरं गाणं मला माहीत नाही.

१९६४ च्या 'फिडलर ऑन द रूफ'मधलं 'डू यू लव्ह मी?' आईबरोबर ऐक. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवरा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का, आणि बायको धुण्याभांड्यांचा, मुलांचा, गाय दोहण्याचा हिशेब ऐकवते. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हेच उत्तर दिलं असतं. 'हॅमिल्टन' तू ऐकलेलंच आहेस म्हणतोस. मग 'सॅटिस्फाइड' पुन्हा ऐक. लग्नाच्या मेजवानीतून गोष्ट मागे नेऊन पहिल्या भेटीची तीच रात्र नवरीच्या बहिणीच्या डोळ्यांनी दाखवली आहे.

तुला स्वतःला गाणी लिहायची आहेत, हे पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंयस. सॉन्डहाइम पंधराएक वर्षांचा असताना शाळेसाठी लिहिलेलं नाटक घेऊन शेजारच्या हॅमरस्टाइनकडे गेला होता. मला ओळखत नसल्यासारखं वाचा, म्हणाला. हॅमरस्टाइनने सांगितलं की इतकं वाईट मी काही वाचलेलं नाही, आणि मग दुपारभर बसून ओळ न् ओळ का वाईट ते समजावलं. तुझं लिखाण पाठव. माझ्याकडून शेरा कडक येईल, पण कारणासकट येईल.

त्याआधी एक काम कर. १९७० च्या 'कंपनी'त शेवटी नायक रॉबर्टसाठी सॉन्डहाइमने 'हॅपिली एव्हर आफ्टर' लिहिलं होतं. ब्रॉडवेवर येण्याआधी बोस्टनला झालेल्या चाचणी-प्रयोगांत ते फार कडवट वाटलं, म्हणून काढलं आणि त्या जागी 'बीइंग अलाइव्ह' आलं. दोन्हींची ध्वनिमुद्रणं मिळतात. लागोपाठ ऐक आणि तू असतास तर कुठलं ठेवलं असतंस ते मला एका पानात लिही. माझं मत मी आत्ता सांगत नाही, तू त्याच्या मागे मागे येशील.

तुझा,
काका

ता. क. 'रोझेस टर्न' आत्ता ऐकू नकोस. तेही 'जिप्सी'तलंच, अगदी शेवटाकडचं, आणि आधीच्या गाण्यांचे तुकडे जोडून बनवलेलं. अख्खं नाटक झाल्याशिवाय ते नुसतं किंचाळणं वाटेल.